चपला दारातच होत्या

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि राग मला आत्ता येतोय. तेव्हा आला नाही. तेव्हा मी लहान होते, आणि बापाचा राग येऊ शकतो हेच मला माहीत नव्हतं. नववीत तुम्ही माझी शाळा सोडवलीत, त्यामुळं लिहायची सवय नाही. जशी बोलते तशीच लिहिते. तुम्ही असताना एकदाही उलट बोलले नाही. आज बोलणार आहे, गप ऐका.

चाचा आठवतात ना? कसे विसराल! तुम्ही सनई वाजवायचात आणि चाचा शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरायचे. तासन् तास तोच एक. तुम्ही वर चढा, खाली या, थांबा, पाणी प्या, चाचांचा सूर काही हलायचा नाही. गाल असे फुगायचे की तुम्ही सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणायचात, "ह्याच्या तोंडात दोन मोसंबी आहेत, लग्न लागल्यावर खाणार आहे." आणि चाचा सनई न सोडता डोळ्यांनी हसायचे. वाजवून झालं की मला म्हणायचे, "बेटी, तुझा बाप उडतो, कारण खाली जमीन मी धरलेली असते." तुम्हाला ते ऐकायला आवडायचं. मी बघितलंय तुमचं तोंड.

मग शेजारच्या गावात हिंदू-मुसलमान दंगल झाली. पाटलाच्या लग्नाची सुपारी होती, आणि त्यांचा माणूस येऊन सांगून गेला, सनई तुमचीच पाहिजे, पण त्याला आणू नका. तुम्ही काही बोलला नाहीत. बाजारातून विजेवरची सूरपेटी घेऊन आलात. लग्नाच्या दिवशी सकाळी चाचा दारात उभे. धुतलेला सदरा, फेटा, काखेत सनई. तुम्ही चुलीपाशी आईच्या मागं जाऊन बसलात आणि मला म्हणालात, "सांग, आप्पा घरी नाहीत." मी सांगितलं. चाचांनी खाली बघितलं. तुमच्या चपला दारातच होत्या. चाचा म्हणाले, "बरं. आप्पाला सांग बेटी, चपला आत घे. कुत्रं नेईल." आणि गेले. परत कधी आले नाहीत. आणि लग्नात लाईट गेली, पेटी गप झाली, अन् तुमची सनई उघडी पडली. तुम्हाला वाटलं लोकांना कळलं नसेल. मला कळलं, मग लोकांना कळलं नसेल?

आता इथलं सांगते. मी हॉलंडमध्ये राहते, डीमनला. हे ऑफिसच्या कँटीनमध्ये आचारी आहेत आणि मी आमच्या वस्तीच्या हॉलची साफसफाई करते. बुधवारी शाळा अर्धी असते, म्हणून पोरगी माझ्याबरोबर असते. बुधवारीच तिथं अरबी गाण्याची मंडळी बसतात. एक बाई हलबची, सिरियातली, ती ऊद वाजवते. त्या वाद्याचं पोट भोपळ्याएवढं, तारा आपल्या वीणेसारख्या. आणि एक म्हातारे ज्यू बाबा, व्हायोलिनवाले. त्यांची आई बगदादची, त्यामुळं दोघं आपसात अरबीतच भांडतात. बाई एकटी आळवायला लागली की बाबा खाली एकच सूर धरतात, लांब, न हलणारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला मॉप थांबला. त्यांच्यात एक सूर असतो, बाजाच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधला. तुम्ही ओठ सैल सोडून काढायचात ना, तसला. बाई मधेच थांबून डचमध्ये ओरडते, सगळ्यांना कळावं म्हणून, "झोपलास का, म्हाताऱ्या?" बाबा म्हणतात, "तू वाजवतेस तेव्हा झोप कुणाला लागेल?" माझी पोरगी बाबांच्या खुर्चीखाली बसते, कमानीला लावायची राळ हातात धरून. ते तिचं काम आहे.

तिकडं ज्यू-अरबांचं युद्ध पेटल्यापासून बाईला आणि बाबांना, दोघांनाही घरचे लोक बोलतात. हिला म्हणतात, त्याच्याबरोबर वाजवतेस? त्यांना म्हणतात, तिच्याबरोबर? मग एका सकाळी हॉलच्या काचेवर लाल रंगानं घाण लिहिलेलं होतं. ते मीच घासून काढलं, पोरगी शेजारी उभी. या बुधवारी हॉलचा साहेब आला आणि गोड आवाजात म्हणाला, रविवारच्या कार्यक्रमाला बाबांनी फक्त या वेळी घरी थांबावं. त्यांचा सूर रेकॉर्ड करून ठेवू, स्पीकरवर लावू. कुणाला काही कळणार नाही.

बाबांनी कमान खाली ठेवली. व्हायोलिन पेटीत ठेवायला लागले. आप्पा, मला दारातल्या चपला दिसल्या. मी ओरडले, माझ्या मोडक्या डचमध्ये, "नाही! मशीन नाही! माणूस!" साहेब माझ्याकडं असा बघायला लागला की जणू बादलीच बोलली. ऊदवाली मात्र माझ्यावरच उलटली. "ओरडायला काय जातं तुझं? तू येशील? पोरीला घेऊन पुढं बसशील?" मी रागाच्या भरात म्हणलं, "बसीन." तेव्हा ती साहेबाला म्हणाली, "ऐकलंस? हा नसेल तर मीही नाही." साहेब हात झटकून गेला, आणि बाबांनी व्हायोलिन परत बाहेर काढलं.

तेव्हापासून घरात हाच विषय आहे. हे म्हणतात, "अगं, ते अरब, ते ज्यू, आपण कोण त्यांचे? कुणी काही फेकलं तर? पोरगी एकच आहे आपली." मला काय ते कळत नाही? रोज शाळेच्या फाटकाशी तिचा हात सोडला तरी ती आत जाईपर्यंत मी तिथंच उभी असते. पण मी यांना म्हणलं, "माझ्या बापानंही असंच म्हणलं असेल." खरं म्हणजे तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात. त्याचाच तर राग आहे. निदान घाबरलो असं तरी मला सांगायचंत! मला दारात कशाला पाठवलंत?

आज रविवार. पोरगी कोट घालून दारात उभी आहे, राळेचा डबा खिशात. "आई, कोम नाउ!" म्हणजे चल ना. मराठी कळतं तिला, पण बोलते डचमध्येच. हे पण बूट घालतायत, तोंड पाडून. हा कागद मी कणकेच्या डब्याखाली ठेवणार आहे, तुम्हाला कुठं पाठवायचा?

एक सांगायचं राहिलं. हॉलमधल्या खुर्च्या सकाळी मीच मांडल्या. आमच्या तीन पुढच्याच रांगेत आहेत, म्हणलं तसं. पण टोकाला, बाजूच्या दाराला लागून. ते दार आतून पटकन उघडतं का, हे मी दोनदा बघून आले, आप्पा.