व्हॉल्व्हवरचा बुडबुडा

नाशिक, गुरुवार, संध्याकाळ

गाडीच्या मागच्या चाकाची हवा रोज थोडी उतरते. कुणीतरी मुद्दाम सोडतंय, असं पंक्चरवाल्या अन्वरभाईंना ठासून सांगितलं. त्यांनी चाक पाण्यात फिरवलं. पंक्चर नाही. मग व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटानं थुंकी लावली. सावकाश एक बुडबुडा फुगला.

"व्हॉल्व्हच गळतोय साहेब. उगाच कुणावर आळ घेऊ नका."

घेऊन झालाय की! रविवारी सोसायटीच्या बैठकीत, आवारातलं झाड तोडण्यावरून वाद पेटला, तेव्हा शेजारच्या आहेर सरांकडे हात करून म्हणालो, "ज्यांना मुद्दा खोडता येत नाही, ते अंधारात चाकाची हवा सोडतात." टाळ्या पडल्या. सर उठून गेले. माझ्याकडे पुरावा काय होता? वाक्य जमलं होतं, एवढाच.

तो बुडबुडा डोळ्यांसमोरून हलत नाही.

"आत्ताच सरांची माफी मागून येतो," मी बायकोला म्हणालो.

"वा! आरोप माईकवर आणि माफी जिन्यात?"

बरोबर आहे तिचं. पुढच्या बैठकीसाठी लिहायला बसलो. तीन कागद फाडले. प्रत्येकाचं भाषणच होत होतं. चौथ्यावर एकच ओळ ठेवली आहे : आहेर सर, मी खोटं बोललो.