आनंदीबाईंचं गाऱ्हाणं

४ जानेवारी
कसालहून धामापुरात पोचले. काम झकास! आनंदीबाई निवृत्त शिक्षिका. चार दिवसांपूर्वी थायरॉइडची गाठ काढलीय, आवाज पार बसलाय. मुलगा कौस्तुभ पुण्याला परत गेला, सोबतीला आता मीच, नर्स सारिका. खिडकीतून तळं दिसतं, जेवायला मासे. आंधळा मागतो एक डोळा, दुसरं काय! दर सहा तासांनी दुखण्याची गोळी, मानेखाली मऊ उशी, गिळायला पातळ पेज. एवढंच करायचं.

६ जानेवारी
उठसूट गोळ्या कशाला? मागतील तेव्हाच द्यायची, असं मी ठरवलंय. आणि बाईंना तर मागताच येत नाही; लिहून दाखवलं तरी मी बघत नाही. टाळ्या वाजवून बोलवत होत्या, मी टीव्ही मोठा केला. पेज गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फोनवर कौस्तुभला सांगितलं, बाई मजेत आहेत.

८ जानेवारी
सकाळी बाई गळा धरून तुळशीपाशी उभ्या. देवाला गाऱ्हाणं घालत होत्या. नुसते ओठ हलत होते, शब्द काही पोचत नव्हते. पण गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यायचाच, ही लहानपणापासूनची सवय. त्या थांबल्या की मी मोठ्यानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणत गेले. बाई पहिल्यांदाच हसल्या.

९ जानेवारी
उठले ती गळा ठणकतच. थुंकी गिळवत नाही. बाईंनी मात्र दोन भाकऱ्या खाल्ल्या, आवाज खणखणीत. कसंबसं विचारलं, काल देवाकडे काय मागितलंत?

“माझी कळ सारिकेच्या गळ्यात घाल, असां सांगलंय. तू व्हय म्हटलंस. तुझ्या होकाराशिवाय देवान आयकल्यान नसता.”

मी घाबरले आहे.

१० जानेवारी
माझ्या गळ्यावर आडवी चीर. टाके. काल नव्हते—
आवाज गेला. गोळ्या बाईंच्या कमरेला. कौस्तुभचा फोन आला, तर त्यांनी सांगितलं की सारिका मजेत आहे.

११ जानेवारी
पाया पडले. माफी मागायला तोंड उघडलं— नुसती हवा.
बाई शेजारी बसून म्हणाल्या, “दुखता? मग माग गो गोळी.”
कागदावर ‘गोळी’ लिहून समोर धरलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला.

१२
बोटांत मुंग्या. थायरॉइड काढल्यावर कॅल्शियम उतरलं की हात आखडतात, शिकवलं होतं आम्हाला—
हात आहे तोवर चिठ्ठी—
कौस्तुभ, लवकर ये. तुझी आई मला गो