न उलटलेलं पान

दादा,

रागावूनच लिहितेय. पत्र पाठवायला निदान पत्ता तरी ठेवायचास.

बाबांचा नियम तू विसरला नसशील. सकाळी बायबलमधलं एक वचन वाचायचं, दिवसभरात ते कुठेतरी पाळायचं, आणि पाळल्याशिवाय पान उलटायचं नाही. "पाठ काय, पोपटही करतो," म्हणायचे.

पक्षाघातानं त्यांची वाचा गेली. आता इस्त्रीच्या दुकानात जाण्याआधी मीच त्यांना वाचून दाखवते. गेल्या महिन्यात ते वचन आलं, की आधी दुखावलेल्या माणसाशी समेट करा, मग देवापुढे या. तेव्हापासून आम्ही तिथेच अडकलोय. मी पान उलटायला गेले की बाबा त्यावर आपला धड हात ठेवतात. मी समजावते, चिडते, लाडीगोडी लावते. ढिम्म हलत नाहीत. नुसते दाराकडे बघत बसतात. ज्या दारातून त्यांनी तुला हाकललं, त्याच दाराकडे.

काल चर्चचे पाळकसाहेब आले होते. म्हणाले, "देव मन जाणतो, पुढचं वाचा." बाबांनी नकारार्थी मान हलवली.

मी काय करू, सांग? त्यांच्या वतीनं मला माफी मागता येत नाही आणि तुझ्या वतीनं देताही येत नाही.

बाबांच्या त्या धड हातातही आता जोर राहिला नाही. आज तो पानावरून आपोआप घसरला. मग मीच माझा हात तिथे ठेवला, आणि दुकानात जायचं राहूनच गेलं.

तुझ्यावर चिडलेली,
छोटी