लिंबाच्या तेलानं उजळलेलं तोंड

१० एप्रिल, सकाळ
नातीचा, श्रेयाचा साखरपुडा एकोणीसला. लई खूश हाय मी. पोरगी माझ्या सुनेची, सुलेखाची, पण नाक माझं. लासूर स्टेशनवरून माझी धाकटी जाऊ द्वारकाबाई येणार. मागच्या लग्नात चारचौघींत म्हणली, अक्का, लईच सुकल्या की वो तुम्ही. सुकल्या! मी काय मिरची हाय? या टायमाला तोंड असं उजळवते की बघतच राहील.

दुपार
सुलेखा मोबाईलवर अरोमाथेरपीचा कोर्स करती. अंगठ्याएवढ्या बाटल्या. म्हणे संत्र्याच्या तेलाच्या वासानं मन शांत होतं, लिंबाच्यानं मरगळ जाती. डबीत पाणी, त्यात दोन थेंब, डबीला वायर, अन् सगळे बसले वाफ हुंगत. माझ्या माहेरी पैठणकडं मोसंबीच्या बागा. साली शेळ्या खायच्या. एक शेळी शांत झालेली मी बघितली नाय.

११ एप्रिल
सुलेखा श्रेयाला सांगत होती, लिंबाचं तेल तोंडाला लावायचं तर खोबरेलात एखादा थेंब, तोबी संध्याकाळी. लावून उन्हात गेलं की कातडी भाजती. मी म्हणलं, लिंबू थंड असतं बाई, सरबत पिऊन कोण भाजलं? ती म्हणली, आई, सरबत रसाचं, हे तेल सालीचं. शिकलेल्यांचं असंच. एका लिंबाचे दोन करतात.
तोंड उजळतं, एवढं मात्र कानावर पडलं. मला गरज नाय म्हणा.

१२ एप्रिल, सकाळी ८
सुलेखा बँकेत गेली. लिंबाच्या तेलाची बाटली नुसती तपासायला घेतली. थेंबथेंब लावणं कंजुसांचं काम. चार बोटं भिजवून या गालावर ओढली, मग त्या गालावर. चुणचुणलं. चुणचुणलं म्हंजे लागू पडलं.

दुपार
गच्चीवर कुरडया घातल्या, पाच किलो गव्हाच्या. चार तास उन्हात. शेजारची जोहराबी म्हणली, अम्मा, मुँह लाल हो गया आपका. म्हणलं, तेज हाय ते.

१४ एप्रिल
गालांवर फोड. आतली घाण बाहेर पडती. सुलेखानं विचारलं, काय झालं? म्हणलं, डास. ती म्हणली, दोन्ही गालांना सारखेच? म्हणलं, शिस्तीचे असतील.

१७ एप्रिल
फोड बसले. आता चार तपकिरी पट्टे इकडं, चार तिकडं. पावडर लावली तर अजून उठून दिसतात. काळजी नाय. उजळायच्या आधी जरा काळं पडतच असंल.

१९ एप्रिल, संध्याकाळ
उस्मानपुऱ्यातल्या हॉलात पदर ओढून बसले. द्वारकाबाई आली, पदर बाजूला केला अन् बघतच राहिली. मला वाटलं, जळली. तर गळ्यात पडून रडायलाच लागली, अक्का, कुणी मारलं वो तुम्हाला? तेबी मोठ्यानं.

नवरदेवाची आई शेजारीच. तिनं माझे गाल बघितले, मग सुलेखाचे हात. म्हणली, ज्या घरात म्हातारीच्या थोबाडीत मारतात, तिथली पोरगी आम्हाला नको. साखरेच्या ताटावर रुमाल टाकला. श्रेयाचं तोंड पांढरं पडलं.

सुलेखाला सगळं कळलेलं, बाटली अर्धी झालेली तिनं बघितलीच असंल. पण माझं नाव घेतलं नाय. खाली मान घालून उभी.

मग उठले मी. म्हणलं, कुणी नाय मारलं. सुनेचं तेल चोरून मीच लावलं अन् उन्हात बसले. ती नकोच म्हणत होती. कुणाला पटंना. एक म्हातारी म्हणली, बिचारी सुनेला घाबरती. शेवटी सगळ्यांपुढं आपलीच चार बोटं डागांवर ठेवून दाखवली. नेमकी बसली. आधी द्वारकाबाई हसली, मग सगळा हॉल. नवरदेवाच्या आईनं डोळे पुसत ताटावरचा रुमाल काढला.

२० एप्रिल
सुलेखा म्हणती, डाग जायला सहा महिने लागतील. लग्न पुढच्या महिन्यात. सकाळी विहीणबाईचा फोन आला. त्यांच्याकडची सहाशे माणसं येणार, सगळ्यांना समजावत कोण बसंल? म्हणली, अक्का, मंडपाच्या दारातच उभ्या राहा अन् बोटं ठेवून दाखवा.