पिंपळाच्या पानावरचे पंख

आप्पा, आज दुकानात पुन्हा तो वास आला. पावसाळी हवेत कॅप्सूलची मोठी बरणी उघडली की येतो, ओल्या कातड्याचा आणि मागे किंचित गोडसर. माझ्या हाताखालची मुलगी म्हणते, कसला वास मॅडम, मला तर काहीच येत नाही. तिला नसेल येत. मला तो आला की तुम्ही पाठीमागे येऊन उभे राहता. वळून बघायचं नाही, हे आता मी शिकले आहे. वळलं की औषधांची कपाटं तेवढी दिसतात. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आले, केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, पण तुम्ही येता ते तसेच, मैद्याचे हात पुसलेला सदरा घालून, आणि एक अक्षर बोलत नाही. जिवंतपणी तरी कुठे बोलत होता म्हणा.

निपाणीकडचं गाव सोडून तुम्ही बेळगावात कॅम्पातल्या बेकरीत लागलात ते पाव भाजायला. पण बेकरीच्या मालकीणबाईंनी, त्या गोव्याच्या, तुमची बोटं बघितली आणि तुम्हाला भट्टीवरून उचलून केकच्या टेबलाशी उभं केलं. जिलेटिनची फुलं, पानं, फुलपाखरं. ते काम मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. काचेसारख्या पातळ पापुद्र्यांचं जिलेटिन गार पाण्यात फुगवायचं, गरम पाण्यात वाटी ठेवून विरघळवायचं, चिमूटभर साखर, थेंबभर रंग, वर आलेला फेस चमच्यानं काढून टाकायचा. बाकीचे कारागीर ते प्लॅस्टिकच्या कागदावर ओतायचे. तुम्ही पिंपळाचं पान घेत होता. पानाच्या पाठीला तेलाचं बोट फिरवून वरून कुंचल्यानं जिलेटिनचा हात द्यायचा आणि पंख्याखाली ठेवून द्यायचं. वाळलं की ते आपोआप कडेनं सुटायचं, आणि पानाची शीर न् शीर त्या पारदर्शक पापुद्र्यावर उतरलेली असायची. त्यातून कात्रीनं पंख कापायचे. सगळ्या कॅम्पात तसं फुलपाखरू दुसरं कुणी करत नव्हतं. बाई तुमच्या तोंडावर कौतुक करायच्या नाहीत, गिऱ्हाइकाला मात्र केक फिरवून फिरवून दाखवायच्या.

सत्तरचं दशक संपत आलेलं, मी कॉलेजात पी.यू.सी.ला आहे. नाताळ आणि लग्नसराई एकदम आल्यामुळे बेकरीतलं काम तुम्ही घरी आणलंय. त्याच आठवड्यात आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि ते आपल्या दोन खोल्यांतल्या आतल्या खाटेवर पडून आहेत. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याला मुळातच दिसत नाही. दुपारची वेळ आहे. स्टोव्हवर पाणी, पाण्यात वाटी, आणि खिडकीखाली ओळीनं पिंपळाची पानं. आई भाकऱ्या थापायची थांबली आहे, कारण आजोबा उठून बसलेत आणि नाकानं काहीतरी शोधत आहेत.

“कोण गं सरस शिजवालंय घरात?”

“सरस न्हाय बा,” तुम्ही हसलात. “केकवरची फुलं हायत.”

“फुलास्नी ह्यो वास?”

तुमचं हसू तिथंच थांबलं. आजोबांनी हात पुढे केला, “हिकडं ये,” म्हणाले, आणि तुमची बोटं धरून नाकाशी नेली. तरुणपणी गावात मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांच्याकडे होतं. उरलेल्या कातड्याचा, हाडांचा सरस शिजवून ते सुताराला देत. बौद्ध झाल्यावर सगळ्या वस्तीनं मिळून ते सोडलं. हे मला शाळेतल्या धड्यासारखं पाठ होतं, पण त्यातला वास मला माहीत नव्हता. त्यांना होता.

“माझा हात असाच यायचा,” ते म्हणाले. “धुऊन बी जायचा न्हाय. तुझी आय तुला शिवू द्यायची न्हाय मला.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही बाईंना विचारलंत. त्यांना नवल वाटलं. हाडांचं, कातड्याचंच असतं की, तुला काय साखरेचं वाटलं होतं? तुम्हाला खरंच तसंच वाटलं होतं. मुंबईहून चकचकीत डब्यातून येणाऱ्या वस्तूचा आपल्या गावाशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार! घरी येऊन तुम्ही खोटं बोलू शकला असता. डोळ्यावर पट्टी असलेल्या म्हाताऱ्याला एक थाप पुरली असती. पण तुम्ही खाटेशी बसलात आणि म्हणालात, “बा, तू म्हनलास त्येच हाय.”

आजोबांनी पुढ्यातलं ताट चाचपत सरकवलं. “आमी त्ये काम सोडलं तवा गावानं पाणी तोडलं, काम तोडलं. वखारीत तंबाखूची पोती वडली, खोकून खोकून जीव गेला, पर पुन्ना हात लावला न्हाय. आनि तू त्ये चुलीवर चढवतोस?”

“ज्येंनी पाणी तोडलं त्येच आता खात्यात की, बा. लग्नात. हौसंनं.”

“त्येस्नी खाऊ दे. तुझ्या हातनं नगो.”

त्यानंतर त्यांनी आपल्या घरात शिजलेलं काही तोंडात घातलं नाही. शेजारणीनं आणलेली पेज तेवढी घेत. डॉक्टरांनी बजावलं होतं, नीट खाल्लं नाही तर टाके भरणार नाहीत. आई विनवण्या करून थकली. तुम्ही बेकरीत जात होता, येत होता, आणि खाटेपासून लांब बसत होता. मग एका संध्याकाळी तुम्ही लवकर आलात, वाट्या, कुंचला, वाळलेले पंख सगळं पिशवीत भरून बेकरीत पोचवून आलात, आणि राखेनं कोपरापर्यंत हात घासलेत. उद्यापासून भट्टीवर, एवढंच सांगितलंत. आई म्हणाली, एवढी कला हाय हातात, बाई सोडतील का तुमाला? तुम्ही म्हणालात, “बानं सोडलं तवा घरात दाना नव्हता. मला पाव तरी हाय.”

मग भाकरी कुस्करून तुम्ही आजोबांना भरवलीत. ते जेवले. दोघांपैकी कुणी रडलं नाही. मी रडले, आणि ते रागानं. असा कसा हा म्हातारा, डोळ्यावरची पट्टी सुटेपर्यंत तरी थांबायचं, मुलगा काय करतो ते एकदा बघायचं आणि मग काय ते बोलायचं! पट्टी सुटली तेव्हा बघायला घरात काहीच उरलं नव्हतं. तो राग पुढे बरीच वर्षं पुरला. आता माझ्या लक्षात येतं की आजोबांचं बरोबर होतं. तुमचंही होतं. मला ते लक्षात येऊन काही उपयोग नाही, कारण विचारायला दोघेही नाहीत.

आजोबा गावी गेले आणि तिथंच वारले. तुम्ही पाव भाजत राहिलात. बोलणं आधीच कमी, ते आणखी कमी झालं. मी औषधशास्त्राला गेले, परीक्षा झाली, आणि तुमच्या छातीनं दगा दिला. दवाखान्यात तुमच्या औषधांचं मीच बघत होते. एकदा सकाळी मी तुमच्या तळहातावर कॅप्सूल ठेवली, अर्धी तांबडी, अर्धी पारदर्शक. तुम्ही ती तोंडात टाकली नाही. दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवलीत, किंचित दाबून बघितलीत. मला वाटलं, आता विचारणार, हे कशाचं. मी उत्तराची तयारी करून उभी होते, खरं तेच सांगणार होते, की कॅप्सूलचं टरफलही जिलेटिनचंच. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, “सांधा बघ गं कसा बसवलाय. केसाएवढी फट न्हाय.”

त्या वेळचा तुमचा चेहरा मी कधीही विसरलेले नाही. केकच्या टेबलाशी उभा असलेला माणूस तिथं खाटेवर बसला होता. एवढी वर्षं तो कुठं गेला नव्हता, आतच होता, भट्टीच्या धगीत. मग तुम्ही ती गिळलीत, वर पाणी प्यालात आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. मी तुमच्या पाठीकडे बघत बसले. तेव्हा बोलायचं होतं. पण आपल्या घरात त्या पंखांचं नाव काढायचं नाही, असं कुणी न सांगताच ठरून गेलं होतं, आणि नाव काढलं तर तुम्हाला लागेल अशी मला भीती वाटली. आजोबा नव्हते, आईनंही कधी शब्द काढला नाही, बाईंनी तर दुसरा कारागीर ठेवला.

हे पत्र मी दुकानाच्या पॅडवर लिहिते आहे. कुलूप लावायच्या आधी फाडून टाकीन, घरी नेणार नाही. वास अजून आहे, तुम्हीही आहात, आणि मला वळायचं नाही. म्हणून न वळताच सांगते, जे त्या घरात तुम्हाला कुणीच कधी म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. आप्पा, लई सुंदर करत होता तुम्ही.