वस्तीच्या थांब्यावर न थांबलेली बस

कोलोमान, त्या मंगळवारी तू बस थांबवली नाहीस. उलट आमचा थांबा दिसताच पळवलीस. चिखल उडाला तो माझ्या परकरावरून अजून निघत नाही.

१४ नोव्हेंबर, टेकडीखालची वस्ती.

आता रीत म्हणून विचारते, बरा आहेस ना? बसून बसून पाठ धरत असेल. इकडे अंद्रेयकाकानं छपरावर नवा पत्रा टाकला, चोरीचाच असणार. कुत्री व्याली. पाचही पिल्लं जगली.

इतर ड्रायव्हर आमच्याकडे थांबत नाहीत, त्याचं मला काही नाही. आम्ही टेकडी चढून गाज्यांच्या गावात जातो, जिथं आपलं रोमा लोकांचं एकही घर नाही. त्यांच्यासाठी बस थांबली की आम्हीही घुसतो. त्या सकाळीही तसेच निघालो होतो. तुझ्या बहिणीला, मार्गिताला, कळा सुरू झालेल्या, आणि दवाखान्याची गाडी पोलिसांशिवाय वस्तीत शिरत नाही. तेवढ्यात अंद्रेय म्हणाला, "आजपासून या बसवर आपला कोलोमान आहे."

झालं. तुझी बहीण थांब्यावरच बसली. "मग कशाला चढायचं टेकाड? दादा थांबेल की."

"ऊठ भवाने, चाल," मी म्हटलं.

"आजी, तुझा मेलीचा कुणावरच विश्वास नाही."

तू आलास. तिनं पोट सावरत हात केला. तू तिच्याकडे पाहिलंस, मग रस्त्याकडे. तू पाहिलंस, कोलोमान. मी काही आंधळी नाही.

त्यानंतर टेकडी चढण्याइतकी ती उरली नव्हती. पोर आडवं होतं. दोघांना एकाच शवपेटीत ठेवलं, तेवढंच लाकूड वाचलं.

झाकण लावण्याआधी सगळ्यांनी वाकून तिची माफी मागितली. ही रीत तू विसरला नसशील. अंद्रेय म्हणाला, "आई, कोलोमानच्या वतीनं तू माग. नाहीतर ती भूत होऊन त्याच्या दारात जाईल."

मी नाही मागितली. जाऊ दे. जिवंतपणी तू तिला नेलं नाहीस, आता तिला बस लागत नाही.

तुझ्या बायकोला, व्हिएराला, तू सांगितलंस म्हणे, तुझं कुणीच नाही, सगळे हंगेरीकडे मेले. निम्मं आता खरं झालं. उरलेले जिवंत आहेत, हे तिला कळायला हवं. म्हणून पाकिटावर नाव तिचं घातलंय, तुझं नाही.

तुझ्या बापाची आई,
इलोना

उत्तर व्हिएरानं लिहायचं. तू लेखणीला हात लावायचा नाहीस.