बिशपचं जेवण आणि माझा बर्नरचा परवाना

मडावास्का, मेन
नोव्हेंबरअखेर

ती. जर्मेनवन्सं यांना ओडीलचा वाकून नमस्कार (गुडघे धरलेत, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढा).

फ्लोरिडात तुम्ही आणि भावोजी खुशाल असालच. या दिवसांतही खिडक्या उघड्या टाकून झोपता हे तुम्ही दर फोनला सांगता, त्यामुळे वेगळी चौकशी करायला जागाच ठेवली नाहीत. इकडे सासूबाई ठणठणीत आहेत. परवा कुट्टूच्या पिठाचे पोळे जाड झाले म्हणून त्यांनी ते एकेक उजेडात धरून मला दाखवले आणि मग सगळे खाल्ले.

मुख्य बातमी अशी की इथली घरं ज्यांवर तापतात त्या तळघरातल्या तेलाच्या बर्नरच्या दुरुस्तीचा सरकारी परवाना मला मिळाला. तुमच्या भावाला, क्लोव्हीसला, पुरून आल्यावर, कॉफी चालू असताना, तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होतात, "ओडील, तू आपली फोन घे. बर्नरचा धंदा रोझेर सांभाळेल." रोझेर तुमचा चुलतभाऊ, त्याच्याकडे परवानाही होता, सगळं कबूल. (त्याला बोलावलं की गिऱ्हाईक तो येईस्तोवर शेजाऱ्याकडे राहायला जातं, हेही कबूल करा.) पण तुमच्या भावाच्या गाडीवरचं नाव पुसून आपलं घालायला त्यानं रंग आणून ठेवला होता. तो डबा मी आमच्या गॅरेजमध्ये पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी बर्नर-दुरुस्तीच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर पोरं मास्तरीण समजून उठून उभी राहिली. नंतर मी त्यांच्याच बाकावर बसले तेव्हा जो हिरमोड झाला त्यांचा, तो वर्ग संपेपर्यंत गेला नाही.

वर्गानंतर परवानाधारकाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. रोझेर म्हणाला, वेळ नाही. उरला गावातला दुसरा परवानाधारक फर्नां, ज्याच्याशी क्लोव्हीस जन्मभर बोलला नाही. त्यानं मला घेतलं ते, मला वाटतं, क्लोव्हीसला वर चिडवायला. सगळा उन्हाळा मी त्याच्यामागं बॅटरी धरून उभी. "बाई, गळती डोळ्यांनी नाही, नाकानं शोधायची," असं तो रोज सांगे. मी म्हटलं, "लग्न झाल्यापासून क्लोव्हीसचे शर्ट धुतेय. नाकाचं मला सांगू नका."

मग फादर लेव्हेकचं प्रकरण झालं. तुमच्यापर्यंत ते वेगळ्या चालीत पोचलंय, म्हणून खरं लिहिते. बिशप जेवायला येणार त्याच सकाळी फादरांच्या घरचा बर्नर बंद पडला. फर्नां जिन्यात उभा राहिला आणि त्यानं मला पुढं घातलं. मी रीतसर विचारलं, "फादर, लाल बटण किती वेळा दाबलंत?" (दर वेळी दाबलं की आत तेल साचतं, पेटत मात्र नाही.) फादर म्हणाले, "एकदाच, मुली." आता आत डोकावून बघायला हवं होतं, पण पाद्र्याच्या शब्दावर बॅटरी मारून कोण बघतं? मी बर्नर चालू केला. साचलेलं सगळं तेल एकदम पेटलं, धुराडं निखळलं आणि काजळीचा लोट तळघराच्या उघड्या दारातून वर गेला. पांढरा टेबलक्लॉथ, कोंबडीचा रस्सा, फादरांची दाढी, सगळं एका रंगाचं झालं. बिशप त्या दिवशी हॉटेलात जेवले. फर्नांनं गावभर केलं, "ओडीलनं चर्च उडवलं." फादर रविवारी क्षमेवर बोलले आणि त्यांनी मला क्षमा केली. त्यांच्या स्वैपाकीणबाईनं पुढं कधीतरी मला सांगितलं की सकाळपासून ते माळ जपल्यासारखे बटण दाबत होते. हे त्यांनी अजून कुणापुढं कबूल केलेलं नाही, आणि मी त्यांच्याकडे पापं कबूल करायला जाणं सोडलंय.

परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले. ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर मी पट्टी न लावता नजरेनं धरलं, क्लोव्हीस धरायचा तसं. साहेबांनी मोजलं, "अगदी बरोबर आहे," म्हणाले आणि नापास केलं. दुसऱ्या खेपेला पट्टी लावली आणि पास झाले.

परवाना घेऊन पहिली गेले ती मिसेस उएलेटकडे. त्यांनी दार उघडलं, माझ्या मागं रस्त्यावर पाहिलं. "माणूस कुठाय?"

"मीच आहे."

दार लागलं. त्यांनी रोझेरला फोन केला. तो आला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा मी. काम होईस्तोवर बाई माझ्या डोक्यावर उभ्या होत्या, आणि दर थोड्या वेळानं, "क्लोव्हीस असं करत नसे हो." असंच करायचा, वन्सं. मी काही नवीन शोधून काढलेलं नाही.

तेव्हा धंदा कुणी सांभाळायचा, हा विषय पुन्हा काढू नये ही विनंती. भावोजींना नमस्कार.

आपली,
ओडील

ता. क. अक्षर वाईट आलंय ते हातमोज्यांमुळे. आपल्या घरचा बर्नर रविवारी बंद पडला. सासूबाई कोट घालून तळघराच्या दारापुढं खुर्ची टाकून बसल्यात. "तुझा परवाना तुझ्यापाशी ठेव. हात लावायचा नाही," म्हणतात. मला वाटलं बाईमाणूस म्हणून. पण काल रोझेर आला तर त्यालाही अंगणातूनच घालवला. म्हणाल्या, "तो माझ्या क्लोव्हीसनं लावून ठेवलाय. तसाच राहू दे." स्वैपाकघरात लाकडाची शेगडी आहे, तिच्यावर निभावतोय. तुमचं त्या ऐकतात, तेवढा एक फोन करून बर्नर उघडू द्यायला सांगा. (मीच केला असता, पण फोन त्यांच्या खुर्चीशेजारी आहे.)

आणखी एक. आज दुपारी त्यांना डुलकी लागली तेव्हा मी हळूच खाली गेले. पान्हाही लावला. बर्नरच्या झाकणावर क्लोव्हीसच्या तेलकट बोटांचे ठसे अजून आहेत. मी पान्हा काढला आणि वर येऊन हे पत्र लिहायला बसले. तेव्हा त्यांना सांगून झालं की फोन माझ्याकडे द्यायला सांगा, आणि मलाही तेच सांगा. नळ गोठायच्या आत सांगितलंत तर बरं.